ऑपरेशननंतरची दुसरी रात्र

खुब्याचं हाड मोडलेली सत्तरीपुढची बाई. पडलेली असते बहुतेक वेळा न्हाणीत, नाहीतर गोठ्यात शेणावरून पाय घसरून. जीपमधून बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला आणतात, ऑपरेशन होतं, रॉड टाकतात किंवा गोळा बदलतात. पहिला दिवस बरा जातो. घरचे गावाकडे फोन करून "झालं चांगलं" असं कळवतात. आणि दुसऱ्या रात्री बारा-एकच्या सुमाराला आजी उठून बसायला बघते, सलाईनची नळी उपसते, पंख्याकडे बोट दाखवून म्हणते, "बैलं सुटलीत, धरा की!" उशाशी बसलेल्या लेकीला ती ओळखत नाही, कधीच वारलेल्या जावेला मात्र नावानं हाका मारते. शेजारच्या खाटांवरचे जागे होतात. सकाळी राउंडला डॉक्टर येतात तेव्हा तीच आजी शांत पडलेली असते, नाव-गाव विचारलं तर बिनचूक सांगते. दिवस मावळला की पुन्हा तेच सुरू.

हाडांच्या वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कुठल्याही सिस्टरला यात नवल वाटत नाही. घरच्यांकडे याची तीन उत्तरं तयार असतात. "म्हातारी येड्यावाणी करायली, भूल डोक्यात गेली" हे पहिलं. "बाहेरचं काहीतरी लागलं" हे दुसरं. मग उशाखाली अंगारा येतो. तिसरं उत्तर कुणी मोठ्यानं देत नाही, पण सगळ्यांत जास्त नुकसान तेच करतं: वय झालंय, आता हे असंच चालायचं. अंगाऱ्यानं निदान काही बिघडत नाही. "वय झालं" म्हटलं की शोधच थांबतो.

आणि शोधायला पुष्कळ असतं. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात डेलिरियम म्हणतात. लक्ष कुठेच न टिकणं हे तिचं मूळ लक्षण. भास आणि बडबड ही त्यावरची भर. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती उभी राहते, आणि तिच्यामागे बहुधा एकच कारण नसतं. लघवी तुंबलेली असते, पोट चार दिवस साफ झालेलं नसतं, रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं, छातीत जंतुसंसर्ग सुरू झालेला असतो किंवा दुखणं मरणाचं असूनही आजी तोंडानं सांगत नाही. आजोबा रोजचे पिणारे असतील तर दोन-तीन दिवस दारू तुटल्यानंही हेच घडतं, आणि ती गोष्ट घरचे लाजेपायी लपवतात. यातलं जवळजवळ प्रत्येक कारण सापडलं तर दुरुस्त करता येतं.

आरडाओरडा करणारा रुग्ण तसा नशीबवान म्हणायचा, कारण त्याच्याकडे लक्ष तरी जातं. डेलिरियमचा दुसरा प्रकार मुका आहे. आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहते, घास तोंडात तसाच धरते, विचारलं तर "हं" म्हणते. वॉर्डात तिचं कौतुक होतं, गरीब आहे बिचारी, काही त्रास नाही. म्हाताऱ्या माणसांत हा मुका प्रकार भरपूर दिसतो, आणि निदानातून निसटतोही तोच.

ही झाली काही दिवसांची गोष्ट. घरी गेल्यानंतर महिनोन् महिने रेंगाळणारी गोष्ट वेगळी. टाके सुकतात, काठी घेऊन चालणं सुरू होतं, पण पूर्वी दुकानदाराला तोंडी हिशेब सांगणारे आजोबा आता नोटा हातात धरून बघत बसतात. गोष्ट सांगताना मध्येच धागा सुटतो. औषध घेतलं की नाही ते आठवत नाही. याला तज्ज्ञ बरीच वर्षं "ऑपरेशननंतरचा बौद्धिक ऱ्हास" एवढंच म्हणत होते. २०१८ मध्ये जाणकारांच्या एका गटानं नव्यानं वर्गवारी ठरवली. पहिल्या ३० दिवसांतली घसरण म्हणजे सावरायला लागलेला उशीर मानायचा आणि त्यानंतर वर्षभरात टिकून राहिली तरच तिला विकार म्हणायचं. नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसावर घाईनं वेडाचा शिक्का मारू नये, हा यातला शहाणपणा.

शंका जुनीच आहे. बोस्टनमध्ये ईथरची भूल १८४६ साली जगासमोर आली, आणि चाळीसेक वर्षांतच, १८८७ मध्ये, लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज सॅव्हेज यांनी भुलीनंतर भ्रम झालेल्या रुग्णांवर लेख लिहिला. पण या विषयाला खरं तोंड फोडलं ते १९५५ मध्ये पी. डी. बेडफर्ड या इंग्लिश डॉक्टरांनी. पूर्ण भुलीखाली ऑपरेशन झालेल्या १,१९३ वयस्क रुग्णांची माहिती त्यांनी तपासली. त्यांना या वाटेला लावलं ते नातेवाइकांच्या तक्रारीनं: ऑपरेशन झाल्यापासून ते पहिल्यासारखे राहिले नाहीत. ही तक्रार केज किंवा गेवराईच्या बाह्यरुग्ण विभागात आजही जवळजवळ याच शब्दांत ऐकू येईल.

तक्रारीला मोजमाप मिळायला १९९८ उजाडलं. युरोपातले आठ देश आणि अमेरिका यांतल्या १३ रुग्णालयांनी मिळून साठीपुढच्या १,२१८ रुग्णांच्या ऑपरेशनआधी, आठवड्यानं आणि तीन महिन्यांनी बौद्धिक चाचण्या घेतल्या. ही हृदयाची ऑपरेशनं नव्हती, पोटाची, हाडांची, अशी मोठी ऑपरेशनं होती. आठवड्यानं २५.८ टक्के लोकांत घसरण दिसली, तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांत. ऑपरेशन न झालेल्या त्याच वयाच्या माणसांत तीन महिन्यांनी हे प्रमाण २.८ टक्के होतं. संशोधकांचा संशय होता तो ऑपरेशनच्या वेळी कमी पडणाऱ्या प्राणवायूवर आणि उतरणाऱ्या रक्तदाबावर. दोन्ही निर्दोष सुटले. अडकले ते वय, लांबलेली भूल, दुसऱ्यांदा करावं लागलेलं ऑपरेशन, नंतरचा जंतुसंसर्ग आणि कमी शिक्षण. तीन महिन्यांनंतरच्या घसरणीशी मात्र फक्त वयाचं नातं उरलं.

कमी शिक्षण या शब्दांपाशी बीडच्या वाचकानं थांबायला हवं. आज पंचाहत्तरीत असलेली बाई १९५० च्या आगेमागे जन्मली. निजामाचं राज्य संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि बालाघाटाच्या डोंगरातल्या वाडी-तांड्यावर मुलीनं शाळेत जाणं ही दुर्मीळ गोष्ट होती. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. तिच्यातल्या म्हाताऱ्या बायकांपैकी पुष्कळजणी अंगठाबहाद्दर. शिक्षणानं मेंदूला आघात सोसण्यासाठी काही शिल्लक मिळते, असं मानलं जातं. पण दुसरीही बाजू आहे. चाचणीच शाळेच्या भाषेत असेल तर कधीच शाळेत न गेलेली बाई ऑपरेशनआधीच नापास होते. शंभरातून सात वजा करत जा, हे तिला सांगण्यात काय अर्थ?

यावर भारतात चांगलं काम झालेलं आहे. १९९० च्या दशकात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत निरक्षर म्हाताऱ्यांसाठी स्मरणशक्तीची चाचणी नव्यानं बांधली. वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. "डोळे मिटा" हे लिहिलेलं वाचायला देण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटून दाखवतो आणि तसंच करायला सांगतो. वाक्य लिहायच्या जागी घराविषयी काहीतरी सांगायचं. बीडमध्ये हे सहज पेलतं. कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी भरतो हे इथली आजी झोपेतही सांगेल, आणि जानेवारी-फेब्रुवारीत अडखळणारी बाई फाल्गुनापासून चैत्रापर्यंत महिने उलटे म्हणून दाखवेल. तेच तिला ऑपरेशननंतर जमेनासं झालं तर ती खरी खूण.

आता भुलीकडे. "पूर्ण भूल नका देऊ डॉक्टरसाहेब, कमरेतलं इंजेक्शन द्या," असं नातेवाईक हात जोडून सांगतात. समज असा की अर्धी भूल मेंदूला सोडून देते. खुब्याच्या फ्रॅक्चरवर हे तपासून झालं आहे. अमेरिका-कॅनडातल्या १,६०० रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कमरेतून भूल दिलेल्यांत डेलिरियम २०.५ टक्के, पूर्ण भूल दिलेल्यांत १९.७. चीनमधल्या ९५० रुग्णांच्या अभ्यासातही दोन्हींत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. भूलतज्ज्ञानं काय निवडावं याची हृदय-फुप्फुसाशी संबंधित कारणं असू शकतात. मेंदू वाचवण्याच्या नावाखाली त्याच्याशी हुज्जत घालण्यात हशील नाही.

मग मेंदूला त्रास देतं कोण? अलीकडे बोट दाखवलं जातं ते खुद्द जखमेकडे. हाड मोडतं, मांस कापलं जातं, तेव्हा शरीर दाहाची रसायनं रक्तात सोडतं. जखम भरायला ती लागतातच. पण म्हाताऱ्या शरीरात रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा विरलेला असतो, आणि आतल्या संरक्षक पेशी जरा डिवचल्या की पेटतात. उंदरांच्या पायाचं हाड मोडून बसवल्यावर त्यांची स्मरणशक्ती घसरते, हे प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय कित्येकांच्या मेंदूत विसराळूपणाचा आजार आधीच दबा धरून असतो, ऑपरेशन त्याला फक्त उघड्यावर आणतं. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला, आणि खेड्यांत तो शहरापेक्षा जास्त आहे.

हृदयाच्या ऑपरेशनची गोष्ट सावध करणारी आहे. २००१ च्या एका गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात बायपास झालेल्यांपैकी ५३ टक्के लोकांत घरी जाताना बौद्धिक घसरण होती. सहा महिन्यांनी ती २४ टक्क्यांवर आली आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ वर चढली. खापर फुटलं हृदय-फुप्फुस यंत्रावर. पुढे बायपास न केलेल्या हृदयरुग्णांशी तुलना झाली तेव्हा दिसलं की वर्षांच्या अंतरानं तेही जवळपास तेवढेच घसरतात. म्हणजे नंतरची घसरण बरीचशी रक्तवाहिन्यांच्या मूळ आजाराची होती. "ऑपरेशननं बापाचं डोकं गेलं" म्हणत पुढचं आवश्यक ऑपरेशन टाळणाऱ्या घरांनी हे ऐकून ठेवावं. मोडका खुबा तसाच ठेवून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची बुद्धी काही शाबूत राहत नाही.

डोळ्यांचं उदाहरण तर उलट्या दिशेचं आहे. पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून रुग्णाला दिवसचे दिवस निजवून ठेवत, आणि त्या अंधारात म्हातारी माणसं बहकत. १९५८ मध्ये बोस्टनच्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी त्यावर लिहिलंही. आता थेंबांच्या भुलीवर ऑपरेशन होतं, आणि डोळा दिसू लागल्यानं मेंदूलाही फायदा होत असावा. सिएटलमधल्या तीन हजारांवर वृद्धांच्या २०२२ च्या अभ्यासात मोतीबिंदू काढलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के कमी आढळला.

आता पुन्हा अंबाजोगाईकडे. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात सुरू झालं. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. ज्यांचं नाव त्याला दिलं ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, आणि त्याआधी याच गावातले शिक्षक. केज, धारूर, परळीच्या म्हाताऱ्यांचे मोडलेले खुबे इथे येतात. हाड बसवण्याची सोय आहे, भूलतज्ज्ञ आहेत. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे.

डेलिरियम ओळखायची जगभर वापरली जाणारी पद्धत शॅरन इनोय यांनी १९९० मध्ये दिली. त्यात रक्ताची तपासणी नाही की स्कॅन नाही. पहिलाच प्रश्न असा: हा बदल अचानक झालाय का, आणि दिवसभरात कमी-जास्त होतो का? याचं उत्तर रुग्णाला आधीपासून ओळखणाऱ्या माणसाकडेच असतं.

आणि बीडमध्ये हा माणूस सहा महिने गावात नसतो. दसरा-दिवाळी उरकली की जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, टोळी सांगलीकडे, कोल्हापूरकडे, थेट कर्नाटकात. शिरूर, पाटोदा, वडवणी, धारूरच्या वाड्यांत मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. पहाटे शेळ्या सोडायला, पोरांच्या भाकरी थापायला, हंडा आणायला त्याच. पडतातही मग त्याच. दवाखान्यात आणणारा असतो भावकीतला कुणी, शेजारी, जवळच्या गावात दिलेली लेक. आजी आधी कशी होती, असं निवासी डॉक्टरनं विचारलं की तो म्हणतो, "आता वय झालंय, असंलच की थोडं येडंबागडं." मुलगा-सून दोनशे-तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात. उचल फिटेपर्यंत सहज निघून येता येत नाही.

या ऊसतोडीशी जोडलेलं आणखी एक ऑपरेशन बीडच्या नावाला चिकटलं आहे. २०१९ मध्ये बायकांच्या "पिशव्या काढण्याचं" प्रकरण देशभर गाजलं. राज्य शासनानं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे दर सहाजणींत एक. पुष्कळजणी चाळिशीच्याही आतल्या. पाळी आली की खाडा, खाड्याला दंड, त्यात अंगावरचं जाणं, आणि "पुढं कॅन्सर होईल" ही भीती. पुढे जिल्ह्यात अशा ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली.

हे म्हातारपणीचं ऑपरेशन नव्हे, पण म्हातारपणापर्यंत पोचणारं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की पाळी जाण्याच्या वयाआधी बीजकोश काढलेल्या बायकांत पुढे बुद्धी मंदावण्याचा किंवा स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दीडपट होतो, आणि ऑपरेशनचं वय जितकं कमी तितका तो वाढतो. त्यांना पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन मिळत राहिलं तर धोका तसा वाढलेला दिसला नाही. प्रश्न बीजकोशांचा आहे. नुसतं गर्भाशय काढलं असेल तर हिशेब बराच सौम्य. बाईला विचारलं तर ती "पिशवी काढली" एवढंच सांगते. आत काय ठेवलं, काय काढलं, ते डिस्चार्ज कार्डावर असेल तर असेल, आणि कार्ड बहुधा ऊसतोडीवरच्या कोपीत पावसात गेलेलं. यातल्या सगळ्यांत आधीच्या बायका आता साठीकडे निघाल्या आहेत. त्यांचा खुबा मोडून त्या वॉर्डात येतील तेव्हा भूलतज्ज्ञासमोर दोन ऑपरेशनांचा इतिहास असेल, आणि पहिल्याबद्दल विचारायचं कुणाच्या लक्षात येईलच असं नाही.

उपायांकडे वळलं की चकित व्हायला होतं, इतके ते साधे आहेत. डेलिरियम टाळणारी खात्रीची गोळी कुठल्याही देशात नाही. १९९९ मध्ये इनोय यांच्याच गटानं सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर एक योजना करून पाहिली. चष्मा लावून द्यायचा, कानाचं यंत्र द्यायचं, पाणी पाजायचं, चालवायचं, रात्री झोपेची गोळी टाळून गरम दूध द्यायचं, आज वार कोणता ते बोलता बोलता सांगत राहायचं. डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. ते रुग्ण ऑपरेशनचे नव्हते. पण बोस्टनमध्ये खुब्याच्या १२६ रुग्णांमागे वृद्धांचा डॉक्टर रोज उभा केला तेव्हा ५० टक्क्यांवरून ३२ पर्यंत उतार मिळाला. तैवानमध्ये २०१७ साली पोटाच्या ऑपरेशनच्या ३७७ रुग्णांत तर फक्त तीन गोष्टी केल्या, गप्पा मारत भान देणं, तोंडाची निगा राखून भरवणं आणि लवकर उठवून चालवणं. १५.१ चे ६.६ झाले.

यासाठी अमेरिकेत स्वयंसेवक प्रशिक्षित करावे लागले. आपल्याकडे वॉर्डातली गर्दी हटवायला शिपाई ठेवावा लागतो. त्या गर्दीतलं एक माणूस, रुग्णाच्या ओळखीचं, कामाला लावलं तर निम्मं काम होईल. चष्मा घरी राहिलेला असतो, कवळी पिशवीत गुंडाळून ठेवलेली असते, हे त्यानंच काढून द्यायचं. दिवसा खिडकीकडे तोंड करून बसवायचं, रात्री डोक्यावरचा दिवा मालवायला सांगायचा. आजीचे हात खाटेला बांधू द्यायचे नाहीत. बैल सुटले म्हणाली तर "बांधले, दावणीला आहेत" म्हणून वाद मिटवायचा. आणि "डॉक्टर, झोपेचं इंजेक्शन द्या हो" ही विनवणी आवरायची, कारण प्रोमेथाझिनसारखी गुंगीची औषधं आणि झोपेच्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला आणखी गोंधळात टाकतात. दारू तुटल्यानं झालेला भ्रम तेवढा याला अपवाद. तिथे त्याच गोळ्या औषध असतात, म्हणून दारूचं खरं सांगून टाकावं.

राहिला प्रश्न फडात असलेल्या मुलाचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याला फोन लावायला पाच मिनिटं पुरतात. आई किराण्याचा हिशेब स्वतः करते का? श्रावणबाळ योजनेचे पैसे आणायला बँकेत एकटी जाते का? नातवंडांची नावं अदलाबदल होतात का, आणि कधीपासून? ऐकायला कमी येतं का, चष्मा कुठे ठेवते, मिश्री लावते का, पूर्वी कुठलं ऑपरेशन झालंय? ही उत्तरं केसपेपरवर एक्स-रेच्या अहवालाशेजारी लिहून ठेवली की दुसऱ्या रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरला ताडून बघायला काहीतरी हाती असतं. तीन महिन्यांनी हाड जुळलं का ते बघायला बोलावतात तेव्हा हेच प्रश्न पुन्हा विचारता येतात. कार्तिकात ऑपरेशन झालं असेल तर ती तारीख माघात येते, आणि माघात कारखाने सुरूच असतात. म्हणजे तेव्हाही फोनच लावावा लागेल.